बालीत माकड चावलं त्यानंतरची सगळी प्रोसेस

ट्रिपहून आल्यापासून बालीला जाणाऱ्या पोरापोरींचे मेसेज येतात, सिम कुठलं घेतलं, कुठे राहिलात, स्कूटर सहज मिळते का वगैरे. माकडाबद्दल कोणी म्हणजे कोणीच विचारत नाही. आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ, धावपळ आणि कागदपत्रं गेली ती माझ्या डाव्या दंडावरच्या एका छोट्याशा जखमेत, म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहूनच टाकते.

आधी तयारीबद्दल थोडं. निघायच्या बऱ्याच आधी आमच्यातले काही जण ट्रॅव्हल क्लिनिकला जाऊन आले होते, टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि टिटॅनसचा बूस्टर असं उरकून टाकलं. तिथे रेबीजचाही विषय निघाला. बालीत २००८ पासून रेबीज आहे हे मला तेव्हाच कळलं. डॉक्टर म्हणाले की चावायच्या आधीच घ्यायची लस असते, एक डोस आज आणि दुसरा सातव्या दिवशी, ती घेतलेली असेल तर पुढे काही चावलं तरी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, लागत नाही, फक्त बूस्टर डोस लागतात, पण ती घेतली म्हणजे चावल्यावर दवाखान्यात जायचंच नाही असं अजिबात नाही. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांना त्यांनी ती ऐच्छिक सांगितली, मी घेतली नाही. आमच्यातली एक मैत्रीण व्हेटर्नरी शिकते, तिची ती कॉलेजमुळे आधीच झालेली होती. ही बया पुढे आमच्या अख्ख्या ग्रुपची मेडिकल ऑफिसर झाली.

इन्शुरन्सची पॉलिसी आम्ही ग्रुप कॉलवर मोठ्याने वाचली होती, जाम बोअर झालं पण ऐका, त्यात स्पष्ट लिहिलेलं की टू-व्हीलरचं व्हॅलिड लायसन्स नसताना गाडी चालवून अपघात झाला तर क्लेम मिळणार नाही, दारू पिऊन काही झालं तरी नाही. आमच्यातल्या दोघांकडे फक्त कारचं लायसन्स, इंटरनॅशनल परमिट काढलं तरी त्यावर जो वर्ग असतो तोच चालतो, त्यामुळे स्कूटरचा विषय तिथेच संपला आणि आम्ही गाडी ड्रायव्हरसकट घ्यायचं ठरवलं. तेव्हा दोघंही तोंड पाडून बसले होते. पण तिथल्या रस्त्यांवर गुडघे-कोपरं सोलवटून बँडेजमध्ये फिरणारे इतके टुरिस्ट दिसले की नंतर कुणी तो विषय काढला नाही.

आता माकड.

कड्यावरचं एक देऊळ, संध्याकाळची वेळ, तुफान गर्दी. तिथली लांब शेपटीची माकडं चष्मा, फोन, टोपी उचलतात आणि खाणं दिल्याशिवाय परत करत नाहीत, या वसुलीवर संशोधकांनी रीतसर अभ्यास केलाय म्हणे. आम्हाला माहीत होतं, चष्मे बॅगेत, फोन आत, हातात खायला काही नाही. मी पायऱ्यांच्या कडेला नुसती उभी होते. शेजारच्या मित्राच्या सॅकला पाण्याची बाटली लटकत होती, एका माकडाने कठड्यावरून त्या बाटलीवर उडी मारली, मधे माझा खांदा होता, त्यावरच ते बसलं, मित्र दचकून मागे वळला, माकड घाबरलं आणि त्याने जे जवळ होतं ते चावलं. म्हणजे माझा दंड. दोन सेकंदांचा खेळ. दाताच्या दोन खुणा, खाली नखांचा ओरखडा, थोडंसं रक्त. खरं सांगायचं तर दुखलंही फार नाही.

आणि इथून ग्रुपमध्ये मतं सुरू झाली. एक म्हणे अगं नुसतं खरचटलंय. दुसऱ्याने पर्समधून बाम काढला, कशासाठी ते त्यालाच माहीत. जवळच उभे असलेले एक गृहस्थ हसत म्हणाले की ही देवळाची माकडं आहेत, यांना काही नसतं. सूर्यास्ताला अर्धा तास राहिलेला, त्यानंतरच्या नाचाची तिकिटं काढलेली, त्यामुळे 'नाच बघू आणि मग जाऊ' हा प्रस्ताव जवळजवळ पास झालाच होता. तेवढ्यात व्हेटर्नरीवाली आली, दंड बघितला आणि एवढंच म्हणाली, "दात आत गेलाय. नळ कुठंय?"

स्वच्छतागृहाच्या बाहेरच्या नळाखाली तिने माझा हात धरला, बॅगेतून साबण काढला आणि फोनवर १५ मिनिटांचा टायमर लावला. वाहत्या नळाखाली १५ मिनिटं म्हणजे काय असतं ते करून बघा एकदा. तिसऱ्या मिनिटालाच वाटतं झालं की आता. मागे लाईन लागलेली, लोक वैतागलेले, आणि ही शांतपणे परत परत साबण लावतेय. मला सांगत होती की रेबीजच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं, त्यामुळे हा नळ म्हणजे ट्रीटमेंटचाच पहिला भाग, इंजेक्शनची वाट बघताना करायचा टाइमपास नाही. नंतर किटमधलं पोव्हिडोन आयोडिन लावलं आणि घट्ट पट्टी बांधू दिली नाही. बाम परत पर्समध्ये गेला.

गाडीत बसल्यावर तिने ग्रुपला जे ऐकवलं ते इथे लिहिते कारण पुढे डॉक्टरनेही तेच सांगितलं. डब्ल्यूएचओने जखमांच्या तीन कॅटेगरी केल्यात. प्राण्याला नुसता हात लावला किंवा धड त्वचेवर त्याने चाटलं तर ती पहिली, त्यात धुण्यापलीकडे काही लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला किंवा उघड्या त्वचेवर त्याने हलकं कुरतडलं तर दुसरी, त्यात लस लागते. त्वचा फाटून चावलं, रक्त आलं, किंवा लाळ जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली तर तिसरी, त्यात लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. वटवाघळाशी थेट संपर्क आला तरी तिसरीच. माझी तिसरी. एकाने विचारलं की माकड तर धडधाकट दिसत होतं ना, तर म्हणे दिसण्यावर काही नसतं, माणसांतला रेबीज ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो हे खरं पण कुठल्याही सस्तन प्राण्याकडून होऊ शकतो, पाळीव कुत्रा असेल तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवता येतं, या माकडाला कुठे शोधणार तू, सगळी सारखीच दिसतात. आणि लक्षणं साधारण दोन-तीन महिन्यांनी येतात, कधी आठवड्यात कधी वर्षाने, पण एकदा आली की जवळजवळ कोणी वाचत नाही. यानंतर गाडीत नाचाच्या तिकिटांबद्दल कोणी बोललं नाही.

मी तोवर इन्शुरन्सच्या हेल्पलाईनला फोन लावला. नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह होता, हे आधी केलेलं फार बरं झालं, त्या वेळी पॉलिसीची पीडीएफ शोधत बसायचं म्हणजे डोकं फिरलं असतं. पलीकडच्या बाईंनी पॉलिसी नंबर, पासपोर्ट नंबर, आत्ता कुठे आहात एवढं घेतलं, एक केस नंबर दिला आणि सांगितलं की जवळच्या क्लिनिकमध्ये जा, बिलं ओरिजिनल ठेवा, डॉक्टरांच्या रिपोर्टवर चावल्याची तारीख आणि प्राणी लिहून घ्या. हे शेवटचं वाक्य मी लगेच नोट्समध्ये टाकलं आणि पुढे त्याचाच उपयोग झाला.

क्लिनिकमधली डॉक्टर तरुण होती, रोजचीच केस असल्यासारखी प्रश्न विचारत गेली. कधी चावलं, जखम धुतली का, किती वेळ, आधी कधी रेबीजची लस घेतली आहे का, टिटॅनस शेवटचं कधी, कशाची ॲलर्जी, स्टेरॉइड चालू आहेत का, प्रेग्नन्सी. १५ मिनिटं धुतलं म्हटल्यावर तिने मान वर करून बघितलं आणि व्हेटर्नरीवालीने उगाच छाती फुगवली. लसीचा पहिला डोस उजव्या दंडात दिला, म्हणजे जखमेच्या बाजूला नाही. ही लस कमरेत देत नाहीत, मोठ्यांना दंडातच देतात, कुठे कोणी कमरेत द्यायला निघालं तर थांबवा. टाके घातले नाहीत, अशा जखमेला होता होईतो लगेच टाके घालत नाहीत. अँटिबायोटिक दिलं. आणि एक गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदा कळली, या जातीच्या माकडांमध्ये हर्पीस बी नावाचा विषाणू असतो, माणसाला होणं अतिशय दुर्मिळ पण झाला तर वाईट, त्यामुळे चावा खोल आहे म्हणून तिने अँटिव्हायरल गोळ्यांचा कोर्सही लिहिला आणि सांगितलं की महिनाभर जखमेजवळ पुळ्या, मुंग्या, बधिरपणा किंवा ताप असं काही वाटलं तर ताबडतोब दाखवायचं आणि माकड चावलंय हे आपणहून सांगायचं.

मग म्हणाली, इम्युनोग्लोब्युलिन आमच्याकडे नाही.

माझ्या पोटात गोळाच आला. गाडीतलं सगळं डोक्यात होतंच. तिने खुर्ची पुढे ओढली आणि समजावलं, लस दिली की शरीर स्वतःच्या अँटिबॉडी बनवायला आठवडा-दहा दिवस घेतं, मधल्या काळात बाहेरून तयार अँटिबॉडी जखमेत सोडायच्या म्हणजे विषाणू नसांपर्यंत पोचायच्या आधीच तिथेच अडकतो, ते इम्युनोग्लोब्युलिन. जितकं लवकर तितकं चांगलं, पण लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर नाही, कारण तोवर स्वतःच्या तयार झालेल्या असतात. त्यामुळे ते मिळेपर्यंत लस थांबवायची असं कधीच करायचं नाही. याचा तुटवडा बऱ्याच देशांत असतो, हेही तिनेच सांगितलं, म्हणजे हे काही बालीचंच रडगाणं नाही.

त्या रात्री घरी व्हिडिओ कॉल केला. लपवायचा विचार एक सेकंद आला होता पण आईला माझ्या आवाजावरूनच कळतं. आई रडली, बाबा एकदम ऑफिसच्या आवाजात "पुढचा डोस कधी, तारीख सांग" म्हणाले आणि कॅलेंडरवर लिहून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनाफोनी. आम्ही एकीकडे हॉस्पिटलांना विचारत होतो, दुसरीकडे हेल्पलाईनवाले, दोन ठिकाणी नाही, एका ठिकाणी 'संपलं, उद्या बघा', आणि दुपारी देनपसारच्या एका हॉस्पिटलात मिळालं, ते हेल्पलाईनच्या बाईंनीच शोधलं. जाण्याआधी त्यांनी तिथे बाजूला काढून ठेवायला सांगितलं म्हणून आमची फेरी वाया गेली नाही. नर्सने आधी वजन केलं, कारण डोस वजनावर ठरतो, माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर किलोला २० युनिट, घोड्यापासूनचं असेल तर ४०. माझं माणसाचं होतं. मग ते थेट जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचतात. हे दुखतं. उगाच गोड बोलून सांगत नाही, चावण्यापेक्षा कितीतरी जास्त दुखतं, आधीच सुजलेल्या जागी सुई घालून हळूहळू औषध आत सोडतात आणि मग परत जरा बाजूला. मित्राचा हात मी इतका आवळला की त्याला माझ्या नखांचे वळ उठले, त्यावर व्हेटर्नरीवाली म्हणे ही कॅटेगरी दोन.

त्यानंतरचं सोपं होतं, फक्त तारखा पाळायच्या. माझं शेड्यूल ०, ३, ७, १४, २८ असं होतं, शून्य म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस. वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी शेड्यूल असतात, कुठे कमी खेपा, कुठे स्नायूऐवजी त्वचेत देतात, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं बघून घाबरायचं नाही. तिसऱ्या दिवसाचा त्याच क्लिनिकमध्ये झाला. सातवा नेमका फ्लाईटच्या दिवशी येत होता, संध्याकाळचं विमान होतं म्हणून सकाळी क्लिनिक उघडताच जाऊन घेतला आणि तिथूनच सामान घेऊन निघालो. डॉक्टरने कार्डवर प्रत्येक डोसची तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर आणि स्नायूत दिली असं सगळं लिहून दिलं, मी न विचारता. कार्डचा फोटो ग्रुपवर, आईला आणि मलाच मेलवर पाठवला.

बाकी ट्रिप बंद पडली असं नाही. पाण्यात जायचं नव्हतं जखम सुकेपर्यंत, एवढंच. सगळे समुद्रात आणि मी वाळूत बॅगा सांभाळत, त्यामुळे झेंडे बघायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, नुसता लाल असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. बालीच्या काही किनाऱ्यांवर रिप करंट जोरात असतात, पाणी एका पट्ट्यातून सरळ आत ओढतं, वरून बघितलं तर तिथेच लाटा कमी दिसतात आणि नवख्याला तीच जागा सेफ वाटते. ओढलं गेलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडत दमायचं नाही, तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. हे मी पोरांना इतक्या वेळा ऐकवलं की मला लाइफगार्ड आजी नाव पडलं.

एकाचं पोट बिघडलं, ते होणारच होतं कुणाचं तरी. ओआरएसची पाकिटं होती, संपली तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, असं करून दिलं, दीड दिवसात उठून बसला. डासांचं क्रीम दिवसाही लावत होतो कारण डेंगीचा डास दिवसाच चावतो, आणि अंग कसकसलं तर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नाही, कारण डेंगी निघाला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एका रात्री बारमध्ये फ्री शॉट्स वाटत होते. त्यावर आमच्यात खरंच वाद झाला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंगला भेसळीच्या दारूतल्या मिथेनॉलने सहा परदेशी टुरिस्ट गेले, त्यात १९ वर्षांच्या मुली होत्या, आमच्यापेक्षा लहान. मिथेनॉलला वेगळी चव नाही, आधी नेहमीसारखीच चढल्यासारखं वाटतं, बारा-चोवीस तासांनी उलट्या, पोटदुखी, आणि डोळ्यांपुढे धूसर, काही जणांना बर्फ पडल्यासारखं दिसतं, म्हणजे लोक हँगओव्हर समजून झोपून राहतात तो वेळच हातातून जातो. ज्यांना प्यायची होती त्यांनी सीलबंद बिअर घेतली. एक जण आजही म्हणतो की आम्ही ओव्हर केलं. म्हणू दे.

घरी आल्यावर चौदाव्या दिवसाच्या डोसला गेले तर तिथल्या नर्सने विचारलं, त्वचेत देऊ का स्नायूत, आणि आमच्याकडे त्या नावाची लस नाहीये. आईचा चेहरा पडला, तिला वाटलं आता पहिल्यापासून सुरू. तसं नसतं. कंपनी बदलली तरी कोर्स पुढे चालू ठेवतात, अगदीच इलाज नसेल तर पद्धत बदलली तरीही, पहिल्यापासून नाही. डॉक्टरांनी कार्ड बघितलं, स्नायूतली म्हणून तीच पुढे चालू ठेवली. दंड दोन दिवस दुखला, थोडी कणकण, बास. अठ्ठाविसावा दिवस परीक्षेच्या आदल्या दिवशी आला, सबमिशनच्या फायली घेऊनच क्लिनिकच्या बाकावर बसले होते.

क्लेमचं सांगायचं राहिलं. फॉर्म, ओरिजिनल बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, प्रिस्क्रिप्शन, डॉक्टरांचा रिपोर्ट, पासपोर्टच्या एंट्री-एक्झिट शिक्क्यांची कॉपी, बोर्डिंग पास, एवढं सगळं लागलं. हॉस्पिटलचं बिल इंडोनेशियन भाषेत होतं, तिथल्या काउंटरवरच इंग्रजी कॉपी मागून घेतलेली, विचारलं की देतात. तरी कंपनीकडून क्वेरी आलीच, इतक्या छोट्या जखमेला इम्युनोग्लोब्युलिनची गरज काय होती म्हणून. रिपोर्टवर 'माकडाचा चावा, कॅटेगरी तीन' आणि तारीख लिहिलेलीच होती, त्याच ओळीवर गोल करून स्कॅन परत पाठवला, दोन आठवड्यांनी पैसे आले. इकडे आल्यावर घेतलेले दोन डोस आमच्या पॉलिसीत बसत नव्हते, ते बाबांनी भरले. देनपसारला जायचं गाडीभाडंही नाकारलं, त्याची पावती होती तरी, त्यावर मी अपील टाकलंय आणि अजून उत्तर आलेलं नाही.